नळी निवळ राहो

डॉ. दौलतराव बैसाणे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. धुळ्यातल्या आपल्या दवाखान्यात, खिडकीशी, स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी धरून ते उभे होते. नळीत माझ्या वडिलांची लघवी होती. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. आबा दीपनगरच्या वीज केंद्रातली फिटरची नोकरी संपवून आईसह माझ्याकडे राहायला आले होते. मी मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवत होते, एकटी राहत होते. आई-आबांच्या येण्याने माझं घर पहिल्यांदा घरासारखं वाटू लागलं होतं आणि त्याच महिन्यात आबांचे पाय संध्याकाळी सुजू लागले.

नानांनी (साक्रीपासून शिंदखेड्यापर्यंत डॉक्टरांना याच नावाने ओळखतात) नळीचा वरचा भाग तापवला, त्यात आम्लाचा एक थेंब सोडला आणि नळी थेट आबांच्या डोळ्यांसमोर धरली. खालचं पाणी निवळ होतं. वरचं मात्र उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं गढूळ झालं होतं.

"दखा आबा," ते अहिराणीत म्हणाले, "हाई तुमनं आंगनं सत्त्व. लघवीमा जाई ऱ्हायनं."

आबांना आजवर अनेक डॉक्टरांनी मधुमेहाचे आकडे सांगितले होते. आपल्या शरीरात काय चाललंय हे कोणी दाखवलं नव्हतं.

पेशंटला नळी दाखवणं ही नानांची पद्धतच होती. ते म्हणत, साखरेने माणूस एकदम मरत नाही, म्हणून तो साखरेला भीत नाही. मूत्रपिंडाचं दुखणं तर दुखतही नाही. जे दुखत नाही ते डोळ्यांना तरी दिसायला हवं. नाना स्वतः साक्री तालुक्यातल्या एका बौद्ध वस्तीत वाढले. त्यांच्या आई अंग सुजत सुजत गेल्या. त्या वस्तीत तेव्हा नळी तापवून बघणारं कोणी नव्हतं. हे त्यांनी मला फार उशिरा, एकदाच सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

आबांची सगळी चौकशी त्यांनी केली. साखर किती वर्षांची, घरात आणखी कोणाला, बिडी किती. मग रक्तदाब मोजला. तो इतका वाढलेला होता की पट्टा सोडून त्यांनी पुन्हा मोजला. ते म्हणाले, साखर आणि दाब हे दोघं मिळून मूत्रपिंड खातात. एकाला धरून दुसऱ्याला मोकळं सोडलं तर उपयोग नाही. शेवटी त्यांनी दुखण्यावर काही गोळ्या घेता का, असं विचारलं. आबांनी मान हलवली, नाही. तेव्हा नाना माझ्या आईकडे वळले आणि म्हणाले, "अक्का, यांचा सदरा कोण धुतं?"

आईने दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या खिशांतून निघालेल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांच्या टेबलावर आणून ठेवल्या. आबांचं आयुष्य वीज केंद्रातल्या लोखंडी शिड्या चढण्यात गेलं होतं, गुडघे कामातून गेले होते. कामगारांत एकमेकांना अशा गोळ्या देण्याची रीत होती, तंबाखूची चिमूट द्यावी तशी. साखरेने थकलेल्या मूत्रपिंडावर या गोळ्या म्हणजे दुसरा घाव आहे हे आबांना कोणी सांगितलंच नव्हतं. नाना त्यांना रागावले नाहीत. त्यांनी गोळ्या बंद करून गुडघ्यांना गरम वाळूचा शेक सांगितला. आबा मात्र आईला आठवडाभर "घरभेदी" म्हणत राहिले.

त्या काळी डायलिसिससाठी आम्हाला मुंबईच गाठावी लागली असती आणि ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मी एकदा एकटीच जाऊन नानांना विचारलं, आबा बरे होतील का? त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "पोरी, गाडी उताराला लागली आहे. थांबवता येणार नाही. ब्रेक दाबून हळू नेता येईल. तू दाबशील?"

मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यात इतका साधा करार मी दुसऱ्या कोणाशी केला नाही.

ब्रेक म्हणजे मुख्यतः आमचं स्वयंपाकघर होतं. खानदेशातल्या माणसाचं मीठ कमी करणं सोपं नाही. लोणचं, ठेचा, पापड आणि उन्हाळ्यात बिबड्या. ज्वारीचा घाटा शिजवून ओल्या धोतरावर थापायचा, उन्हात वाळवायचा, वर्षभर भाजून खायचा. त्यात मीठ आणि पापडखार भरपूर. आबांचं बिबडीशिवाय जेवण होत नसे. नानांनी बिबडी बंद केली तेव्हा आबा म्हणाले, "मीठ गेलं, बिडी गेली, गोळ्या गेल्या. आता श्वास तेवढा राहिला, नाना."

"तोही जरा बेतानेच घ्या," नाना म्हणाले.

पण आईला ते सोसवलं नाही. त्या उन्हाळ्यात तिने आबांसाठी बिबड्यांचा वेगळा घाणा केला, बिनमिठाचा, बिनखाराचा; तीळ, जिरं आणि हिरवी मिरची एवढंच. आबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, वर्तमानपत्र बरं यापेक्षा. योगायोगाने नाना त्या दिवशी आबांचा दाब बघायला घरी आले होते. ते हात धुऊन आबांच्या शेजारी पाटावर बसले. आईने त्यांना खारातली बिबडी वाढली, ती त्यांनी परत केली आणि आबांच्या ताटातली मोडून घेतली. "आम्हा दोघांना एकच," ते म्हणाले. त्यानंतर आमच्या घरी ते जेव्हा जेव्हा जेवले, तेव्हा बिनखाराचीच बिबडी जेवले. त्यांना स्वतःला तेव्हा ना साखर होती ना दाब. आबांनीही मग वर्तमानपत्राचं नाव काढलं नाही.

हळूहळू मी नानांच्या कामात ओढली गेले. साक्रीला आठवड्याच्या बाजारादिवशी ते दाबाचं यंत्र घेऊन एका कडुनिंबाखाली बसत. दवाखान्यात यायला लोकांना सवड नसते, बाजाराला मात्र डोंगरातली माणसंही येतात, असा त्यांचा हिशेब. मी शेजारी बसून बायकांना मिठाचं सांगत असे. समोरच एक माणूस अंगदुखीच्या पुड्या विकायचा. त्याने एकदा नानांना म्हटलं, तुम्ही माझं गिऱ्हाईक तोडता. नानांनी त्याच्याच दंडाला पट्टा बांधला. त्याचा दाब बघून त्याला चहा पाजला आणि पुढच्या बाजारी पहिला नंबर त्याचा लावला. पुड्या विकणं त्याने सोडलं नाही; पण अंग सुजलेला माणूस आला की तो बोटाने कडुनिंब दाखवू लागला.

असे उन्हाळे गेले. आबांची नळी गढूळच येत होती, पण आबा चालत होते, भांडत होते, संध्याकाळी माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहत होते. आज मला सगळ्यात जास्त आठवतं ते फाटक. सगळ्या मुली निघून जात आणि फाटकाशी माझं माणूस उभं असे.

मग एका थंडीत आबांची साखर अचानक उतरू लागली. घरी तपासावं तर लघवीत साखर नाही. लघवी घालून उकळलं तरी तपासणीचं निळं औषध तसंच निळं. आबा रोज घेत होते ती इन्सुलिनची सुई कमी करावी लागली, तरी सकाळी त्यांना दरदरून घाम फुटायचा आणि काही खाल्लं की बरं वाटायचं. गल्लीतल्या लोकांनी ठरवलं, आबांचा मधुमेह गेला. कोणी म्हणालं मेथीने, कोणी म्हणालं आईच्या उपासांनी. आमच्याकडे ही समजूत पक्की आहे, साखर उतरली की माणूस सुटला. आईने गल्लीत पेढे वाटले. उरलेले घेऊन आबा स्वतः नानांकडे निघाले. मी बरोबर होते.

"साखर गई, नाना," आबांनी पेटी पुढे केली. "आते बठ्ठं खावाले मोकळा."

नानांनी पेढा घेतला. तोंडात घातला नाही, तसाच हातात धरून ठेवला. आबांच्या डोळ्यांखालची सूज बोटाने दाबून पाहिली. दोन आठवड्यांपूर्वी करायला सांगितलेल्या रक्ततपासणीचा कागद माझ्याकडून मागून घेतला आणि वाचला. मग खुर्ची ओढून ते आबांच्या अगदी समोर बसले.

"साखर नही गई, आबा. सुईनी दवाई आंगमा रही जास."

सुईचं औषध काम झाल्यावर शरीरात मोडायचं, बाहेर टाकायचं, यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो. ते थकलं की औषध अंगात रेंगाळतं आणि साखर खाली ओढतं. नानांनी हे सगळं मग सावकाश समजावलं. आबा फिटर होते. यंत्र कुठे अडलं ते त्यांना लगेच कळलं. मग आबांनी हात पुढे केला.

"मंग पेढा परत द्या, नाना."

नाना हसले नाहीत. त्यांनी पेढा मोडला आणि अर्धा आपल्या हाताने आबांच्या तोंडात घातला. "आज तुमनी साखर कमी शे," ते म्हणाले. "खा." उरलेला अर्धा त्यांनी खाल्ला. ज्या माणसाने इतकी वर्षं आबांच्या चहात चिमूटभर साखर पडू दिली नाही, त्याने भरवलेला तो अर्धा पेढा आबांनी डोळे मिटून, फार हळू खाल्ला.

पुढचा उन्हाळा आबांनी पाहिला. आईने घाणा घातला, आबांनी उन्हात बसून बिबड्यांवरच्या चिमण्या हाकल्या. पावसाळ्याआधी ते गेले. नानांनी मला सांत्वनाचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तू ब्रेक चांगला दाबलास." त्या वाक्याच्या आधाराने मी पुढची वर्षं काढली आहेत.

आई नंतरही बिनखाराच्या बिबड्या करत राहिली. का, असं विचारलं तर म्हणायची, नाना येतात ना. आता आईही नाही. बाजारातला तो कडुनिंब आहे, तिथे नानांचे विद्यार्थी बसतात. धुळ्या-जळगावचे कितीतरी तरुण डॉक्टर मधुमेहाच्या रोग्याची लघवी आणि दाब बघितल्याशिवाय त्याला उठू देत नाहीत, हे नानांचं काम. त्याचं कौतुक या गौरवग्रंथात इतरजण माझ्यापेक्षा चांगलं करतील.

मला नानांनाच काही सांगायचं आहे. नाना, तुमची पंचाहत्तरी झाली. तुम्हालाही आता साखर आहे, हे तुम्ही लपवलंत तरी आम्हाला कळलं. तुमचा सदरा कोण धुतं, हे मी विचारून घेतलं आहे. यंदा मी पहिल्यांदाच एकटीने घाणा घातला, सगळा बिनखाराचा. चिमण्या हाकायला कोणी नव्हतं, थोड्या त्यांनी नेल्या. बाकी तुमच्या वाटणीच्या आहेत. या, पाटावर बसा, मी शेजारी बसेन. आपल्या दोघांना एकच. आणि त्या खिडकीशी उभं राहून तुमचा एखादा विद्यार्थी जेव्हा जेव्हा तुमची नळी दिव्यावर धरेल, तेव्हा ती तळापासून काठापर्यंत निवळ राहो. पुष्कळ उन्हाळे.