पोट हलेपर्यंत

पाचव्या दिवशी सकाळी सृष्टीच्या काखेत थर्मामीटर लावला आणि एकशे दोन ताप निघाला. मी पुन्हा लावून बघितला. तेवढाच. नाडी एकशे चाळीसच्या वर पळत होती.

लातूरच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या सर्जरी वॉर्डची मी इन्चार्ज सिस्टर होते. सृष्टी उदगीरची, सात वर्षांची. तिच्या आतड्याला पीळ पडला होता. आणली तेव्हा आतडं काळं पडलेलं. आमच्या सरांनी हातभर तुकडा कापून काढला आणि राहिलेली दोन टोकं एकमेकांना शिवली. हा जोड धरेपर्यंत तोंडातून काही द्यायचं नसतं. पाणीसुद्धा नाही. ऑपरेशननंतर आतडं झोपी जातं. ते जागं झालं की पोटात गुडगुड ऐकू येते, गॅस सुटतो. आमच्या भाषेत पोट हललं. तोवर सलाईन लावायचं आणि वाट बघायची.

साधारण याच दिवसांत जोड सुटायची भीती असते. सुटला तर आतड्यातली घाण पोटभर पसरते, पोट पुन्हा उघडावं लागतं. दुसऱ्या खेपेला लेकरू वाचेलच असं कुणी सांगत नाही. म्हणून तो ताप मी चार्टवर लाल शाईनं लिहिला.

सर राऊंडला आले. पोट चेपून बघितलं. पोट फुगलेलं होतं. पोटातून बाहेर काढलेल्या नळीत, म्हणजे ड्रेनमध्ये, फक्त पातळ लालसर पाणी होतं.

"ड्रेन तर बरा दिसतो सर," मी म्हणाले.

"ड्रेनवर भरवसा नाही. सोनोग्राफी करा. पोट उघडावं लागलं तर, ओटीला कळवून ठेवा."

सोनोग्राफीत थोडं पाणी दिसलं. ते ऑपरेशनचं की जोड सुटल्याचं, हे कुणी ठामपणे सांगेना.

सृष्टीचे वडील शिवकुमार. उदगीरला त्यांचं पेंड-सरकीचं दुकान. रोज सकाळी पॅसेजमधल्या बाकावर मांडी घालून, गळ्यातलं छोटं इष्टलिंग तळहातावर ठेवून ते पूजा करायचे. लोक येत-जात असायचे, त्यांची नजर लिंगावरून हलायची नाही. त्या दिवशी ते पूजा अर्धवट सोडून आले.

"मॅडम, हैदराबादला न्यावं का? पाव्हणे म्हणून राहिलेत."

"एवढ्या तापात रस्त्यावर काही झालं तर काय कराल? सरांना विचारा. पण मला विचाराल तर आज हलवू नका."

ते बाकावर जाऊन बसले, पण लिंग पुन्हा हातात घेतलं नाही.

आत सृष्टी डोळे मिटून पुटपुटत होती. "नीरु, अव्वा, नीरु." त्यांच्या घरी कानडी बोलतात. अव्वा, पाणी. तिची आई महानंदा ओल्या कापसानं तिचे ओठ पुसत होती. पाच दिवस ही बाई जिन्यात जाऊन पाणी पिऊन यायची, पोरीला ग्लास दिसू नये म्हणून.

चादर बदलताना उशीखाली माझ्या हाताला प्लास्टिकची छोटी बाटली लागली. आत पाणी.

"हे काय?"

"तीर्थ हाय. मठातलं. सासऱ्यानं धाडलंय."

"किती पाजलं?"

"न्हाई पाजलं."

"खरं सांगा. हिच्या जिवाचा प्रश्न आहे."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या कॉटवरचे लोक बघायला लागले. महानंदानं बाटली माझ्या हातात दिली. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली होती, तिचं टोकही सुटलेलं नव्हतं.

"तुम्ही पहिल्या दिवशी म्हणलात, एक घोट बी न्हाई. मी देवाला बी तेच सांगितलं. थांब म्हणलं जरा."

मला तिच्याकडे बघवेना. मी खाली मान घालून पोरीला डोक्यापासून तपासायला लागले. कान, घसा, छाती, टाके. मग डावा हात. त्यावर सलाईनची सुई, खाली पुठ्ठा आणि वरून जाड बँडेज. ही सुई ऑपरेशनच्या दिवशी लावलेली. तीन दिवसांनी जागा बदलायचा आमच्याकडे नियम होता. पण सलाईन चांगलं चाललं होतं आणि सुई बघितली की सृष्टी ओरडायची. असू दे म्हणून मीच ठेवली होती.

बँडेज सोडलं. शीर दोरीसारखी कडक झाली होती. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टा. सुईच्या तोंडाशी पिवळा थेंब.

मी सरांना बोलावलं. त्यांनी बघितलं.

"हे कालच दिसायला पाहिजे होतं."

"हो सर."

"सुई काढा, पू तपासायला पाठवा, अँटिबायोटिक बदला. पण ताप एवढ्यानंच आलाय हे मला माहीत नाही. संध्याकाळी सहाला बघतो. पोट असंच राहिलं तर उघडायचं."

मी महानंदाला सगळं सांगितलं. सुई मी वेळेवर बदलली नाही, हेही.

तिनं तो लाल हात उचलून नीट बघितला. "आता बदलली ना?"

"बदलली."

"बरं."

दुपारभर मी दर तासाला नाडी मोजली. एकशे अडतीस. एकशे छत्तीस. पुन्हा एकशे चाळीस. ओटीतून दोनदा फोन आला, पेशंट कधी पाठवता म्हणून. शिवकुमारांनी ऑपरेशनच्या कागदावर सही करून ठेवली होती. सही वाकडी आली होती. सहाला सर आले तेव्हा नाडी एकशे वीस होती, पोट किंचित मऊ.

"सकाळपर्यंत थांबू," ते म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

सकाळी ताप नव्याण्णव. पोट मात्र हललं नाही. सहावा दिवस तसाच गेला. महानंदा रोज सकाळी मला नव्या सुईची पट्टी सोडायला लावायची, स्वतः वाकून बघायची. मी मुकाट्यानं दाखवायचे.

सातव्या दिवशी दुपारी ती मला शोधत औषधांच्या खोलीपर्यंत आली. "सिस्टर, गॅस सुटला." सृष्टी लाजून भिंतीकडे तोंड करून पडली होती. सरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि मान डोलावली. मी दोन चमचे पाणी पाजलं.

"अजून," सृष्टी म्हणाली.

"दोन तासांनी."

बाराव्या दिवशी ती चालत घरी गेली. जोड शेवटपर्यंत शाबूत होता. ताप माझ्या सुईचा होता. मी थोडी उशिरा बघितली असती, तर त्या लेकराचं पोट कारण नसताना पुन्हा उघडलं गेलं असतं.

पेशंट बिघडला की घरच्यांनी काहीतरी खायला घातलं असणार, असं आम्ही आधी धरून चालतो. बऱ्याचदा ते खरंही निघतं. पण नव्या मुली वॉर्डात आल्या की मी त्यांना सांगते, आधी आपण केलेलं काम तपासा, आवाज मग चढवा.