खाला आणि गल्लीची ताटं

"कशी आहेस?" असं खालानं मला कधीच विचारलं नाही. तापानं फणफणले होते तेव्हा नाही, बाळंतपणाहून परत आले तेव्हा नाही, सासरे गेले तेव्हाही नाही. तिचा प्रश्न एकच. सकाळी दोन घरांमधल्या भिंतीवर कोपरं टेकवून ती विचारायची, "काल रातच्याले काय केलतं?" उत्तर मिळेपर्यंत कोपरं हलायची नाहीत.

पांढरकवड्यातल्या आमच्या गल्लीत खालाचं घर मधलं. एका भिंतीपलीकडे आम्ही, दुसऱ्या भिंतीपलीकडे मुळेकाका. खालाचा नवरा ट्रॅक्टरची इंजिनं दुरुस्त करायचा, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्या नात्यानं ती पुरुषांची भाभी होती आणि बाकी सगळ्यांची खाला. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. अंगणात उभी राहून बोलली तरी गल्लीच्या टोकाला कळायचं की आज मिस्त्रींच्या घरी दुधीत चण्याची डाळ पडली आहे.

माझं माहेर यवतमाळचं, पिढ्यान्‌पिढ्या नोकरदारांचं. आपण काय खाल्लं हे चारचौघांत सांगणं आमच्याकडे गावंढळपणाचं समजलं जाई. आईचा हिशेब सरळ होता. चांगलं खाल्लं तर नजर लागते, वाईट खाल्लं तर अब्रू जाते, तेव्हा कोणी विचारलंच तर 'साधंच' म्हणून मोकळं व्हावं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात खालानं मला भिंतीशी गाठलं, तेव्हा मी तेच केलं.

"साधं म्हंजे काय वं?" खाला म्हणाली. "साध्याले नाव नाही काय?"

 इतक्यात घरातून सासूबाईंचा आवाज आला, "फोडणीचा भात, खाला. दुपारचा उरला होता." माझ्या सासूबाई म्हणजे रिटायर्ड तहसीलदारांच्या पत्नी. त्या शिळ्या भाताची अशी भर गल्लीत दवंडी पिटतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. खालाला मात्र बरं वाटलं. "हां, आता कसं," असं म्हणून तिनं आपल्या घरचं सांगितलं. त्यांच्याकडे कांद्याची चटणी आणि ज्वारीची भाकर झाली होती, कारण मिस्त्रींना उशीर झाला आणि तिला कंटाळा आला. कंटाळा आला हेही तिनं त्याच मोठ्या आवाजात सांगितलं.

आमच्याकडे मटण शिजत नाही. तिच्याकडे शिजायचं आणि त्याचं वर्णन आम्हाला ऐकावं लागायचं. मसाला कुठला वाटला, रश्श्यावर तरी किती आली, मिस्त्रींनी नळी कशी फोडली, सगळं. सासूबाई सुरुवातीला पदर नाकाशी न्यायच्या. खाला हसून म्हणायची, "ऐकल्यानं बाटत नाही कोनी, बाई. खाऊ नोका, पन ऐका." पुढे पुढे सासूबाईच मध्ये विचारू लागल्या की काल खोबरं भाजून घातलं होतं का कच्चं. रमजानमध्ये खालाचा रोजा असायचा, पाण्याचा थेंब नाही, तरी सकाळची चौकशी चालूच. मी एकदा म्हटलं, "खाला, निदान आज तरी नको. उगाच भूक लागेल." तर म्हणाली, "मी खाऊन नाही राह्यली. तुमी खाल्लेलं ऐकाले काय हरकत?"

ही नुसती भोचक चौकशी नव्हती, हे कळायला मला वेळ लागला. कोणाच्या घरी लागोपाठ खिचडी झाली की तिला समजायचं, घरात कोणीतरी पडून आहे. सुनेनं केलं की सासूनं केलं, यावरून घरातलं वारं कळायचं. त्यावर ती कधी बोलायची नाही. दुपारी एक वाटी घेऊन त्या घरी जायची आणि वाटी द्यायच्या निमित्तानं बसून यायची. या बाबतीत तिच्याइतकी तोंडाची घट्ट बाई मी पाहिली नाही.

कोरोनात भिंतीवर कोपरं टेकवणं बंद झालं, तेव्हा गल्लीतल्या मुलींनी मोबाइलवर ग्रुप काढला. रात्रीच्या ताटाचा फोटो टाकायचा, एवढंच. थोड्याच दिवसांत त्याला पंगतीचं रूप आलं. टमाट्याची फुलं काय, काकडीची पानं काय. पनीर तर असं की जणू आमच्या गल्लीत रोज वऱ्हाड उतरलंय. खालाला लिहिता येत होतं, पण कंटाळा. ती बोलून निरोप पाठवायची, आणि तिच्या फोटोत भाजीच्या बरोबरीनं तिचा अंगठा असायचा. पातोडी फुटली तर फुटलेल्या पातोडीचाच फोटो. खाली तिचा आवाज यायचा, "आज बेसन पातळ झालं. खाल्लं तसंच." तिचं पाहून एकेकीची फुलं-पानं गळाली. आमच्या ताटांत पुन्हा वरण दिसायला लागलं, उकडपेंडी दिसायला लागली, एका रात्री तर गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी नुसती दूध-पोळी टाकली. मी हे आता मी शिकवते त्या शाळेत, माहेरी, कुठेही छाती पुढे काढून सांगते. जे खाल्लं तेच दाखवणारी गल्ली होती आमची, आणि तशी ती खालानं केली होती.

मुळेकाकू गेल्या त्या पुढच्या वर्षी. काका कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय भाजीलाही न जाणारे. स्वयंपाकघरात मात्र त्यांनी आयुष्यभर फक्त पाणी प्यायला पाऊल टाकलेलं. मुलगा श्रीरंग पुण्याला. आईचे दिवस करून निघताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही एकटे जेवणार नाही. चला माझ्याबरोबर." काका म्हणाले, "हे घर सोडून मी कुठेही येणार नाही." खूप वादावादी झाली. शेवटी श्रीरंगनं अट घातली. तोही आमच्या ग्रुपमध्ये येणार, बाबांनी रोज रात्रीचं ताट टाकायचं, आणि बाबा नीट जेवत नाहीत असं दिसलं की तो गाडी घेऊन येणार. मग घराला कुलूप.

काकांचं ताट यायला लागलं आणि आम्ही सगळ्या थक्क झालो. वरण, भात, वर तूप, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, वाटीत आमटी. आम्ही आपलं अंगठे दाखवत होतो, वा काका, शाब्बास काका. श्रीरंगही पुण्याहून हात जोडलेली चित्रं पाठवायचा.

एका सकाळी खालानं मला हाक मारली. पाऊस चांगला लागला होता, सोयाबीन वीतभर वर आलं होतं, तेव्हाची गोष्ट. "हे मोठं करून दाखव," म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. काकांचं आदल्या रात्रीचं ताट होतं. वाटीतल्या आमटीवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय दिसून राह्यलं तुले?"

"सोल्यांची आमटी. हिरव्या तुरीची."

"आखाडात हिरवी तूर? तूर तं आत्ता पेरली लोकायनं."

मी म्हटलं, "फ्रीजमध्ये ठेवले असतील सोले. हल्ली ठेवतात."

"ज्या मानसाले कुकरची शिट्टी समजत नाही, तो तुरी सोलून फिरीजमधी ठेवंन?" खालानं फोन परत घेतला. "हे ताट मुळेबाईनं वाढलेलं हाय. जुना फोटो हाय हा."

 काकू ताटांचे ढीगभर फोटो काढायच्या आणि त्यातले मोजकेच कुणाला पाठवायच्या, हे मला माहीत होतं. काका रोज रात्री काकूंच्या फोनमधून एक ताट निवडत होते आणि आम्ही त्याला शाब्बास म्हणत होतो. मी ताबडतोब श्रीरंगला फोन लावायला निघाले. खालानं माझं मनगट धरलं. "थांब. त्याले सांगशीन तं तो घेऊन जाईन. आनि हा मानूस पुन्याले जगत नाही."

आम्ही दोघी तिच्या अंगणातून काकांच्या भिंतीशी गेलो. काका ओट्यावर पेपर वाचत होते. खालानं सरळ विचारलं, "साहेब, काल रातच्याले काय जेवले?"

"टाकला ना फोटो, भाभी."

"फोटोत काय हाय ते पाह्यलं मी. पोटात काय हाय ते सांगा."

काकांनी पेपराची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. मग म्हणाले, "चहा-बिस्किटं. परवा केळी होती." आणि थोडं थांबून, "श्रीरंगला सांगू नका."

"नाही सांगत. पन आजपासून झूटं ताट टाकाचं नाही."

मी म्हटलं, मी डबा पाठवते. खालानं मलाच झापलं. "तुया डबा म्हंजे तुयं जेवान. त्याईचं कसं होईन ते?" मग काकांना म्हणाली, "उठा साहेब. तांदूळ कुठी हाय, पाहा."

खाला काकूंच्या स्वयंपाकघरात कधी गेली नव्हती. काकूंचं सोवळं कडक, दोघींची वर्षानुवर्षांची मैत्री भिंतीवरूनच चाललेली. आता काकू नव्हत्या तरी खाला म्हणाली, "तिचं घर हाय, तिनं बोलावलं नाही, मी कायले शिरू?" त्यामुळे काकांची सगळी शिकवणी भिंतीवरून झाली. काका आत, खिडकी उघडी, खाला आपल्या अंगणात खुर्ची टाकून. ती कानानं आणि नाकानं शिकवायची. "मोहरी तडतडली नाही अजून, मले ऐकू नाही आली." "लसून करपला, गॅस बंद करा." "कनीक इकडं आना, पाहू द्या." मग काका परात घेऊन भिंतीशी यायचे, सदऱ्याला पीठ लागलेलं, आणि खाला कणकेत बोट खुपसून निकाल द्यायची. एवढ्या मोठ्या कचेरीत ज्यांच्यापुढे लोक चळचळ कापायचे, ते काका मीठ जास्त पडलं म्हणून तिच्यापुढे खाली मान घालून उभे राहायचे. मी शाळेतून येताना हा सोहळा बघायला मुद्दाम थांबायचे.

त्यांचं पहिलं खरं ताट आलं तेव्हा ग्रुपवर एकही अंगठा वर झाला नाही. पिठल्यात गुठळ्या, आणि भाकरीचा आकार असा की तालुक्याचा नकाशा बरा.  शेवटी खालाचा आवाज आला, "साहेबायची भाकर पाहा सगळ्याईनं. कडेनं जळली. पन आजची हाय." त्यातलं मर्म फक्त आम्हा तिघांना कळलं.

दिवाळीत श्रीरंग आला तो गाडी घेऊनच. बाबांची ताटं एकदम बिघडलेली पाहून त्याला शंका आली होती. काकांनी त्याला पाटावर बसवलं आणि गरम भाकर, वांग्याचं भरीत, कढी असं वाढलं. श्रीरंग मागून मागून जेवला. भिंतीपलीकडे खाला जपमाळ हातात घेऊन बसली होती, पण मणी काही सरकत नव्हते. दोन दिवसांनी श्रीरंग निघाला तो एकटाच, डब्यात बाबांनी केलेल्या शंकरपाळ्या घेऊन. गाडी वळल्यावर काका भिंतीशी आले आणि म्हणाले, "भाभी, आता आत या. माझ्या स्वयंपाकघरात चहा घ्या." खाला गेली. ओट्यावरून नजर फिरवून म्हणाली, "डबे पुसत जा, साहेब." एवढंच.

गेल्या हिवाळ्यात खाला गेली. सकाळी छातीत कळ आली, यवतमाळला नेईपर्यंत संपलं. ज्या घरात मयत होते तिथे चूल पेटत नाही, शेजारी-पाजारी जेवण आणतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी खालाच्या अंगणातून घरी फोन करून कुकर लावायला सांगत होते, तेवढ्यात काका आले. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. मिस्त्रींच्या भावाला म्हणाले, "आजचं जेवण माझ्याकडून येईल. दुसऱ्या कोणाला सांगू नका." आम्ही बायका मदतीला गेलो, तर त्यांनी आम्हाला फक्त कांदे चिरू दिले. शेजाऱ्यांकडून स्वयंपाकाचे मोठे गंज मागवले, डाळ स्वतः धुतली, चिंच स्वतः कोळली. फोडणी देताना ते जरा थांबले, खिडकीकडे पाहिलं, मग लसूण घातला.

दफन करून पुरुषमंडळी परतली. मिस्त्रींच्या गॅरेजमधल्या पोरांनी गंज उचलून आणले. मिस्त्री जेवायला तयार नव्हते, काकांनी शेजारी बसून त्यांच्यापुढे ताट ठेवलं तेव्हा जेवले. आत बायकांना मी वाढत होते. खालाची मुलगी शबाना दुपारीच आदिलाबादहून पोचली होती, आईचं तोंड पाहण्यापुरती. तिला या शिकवणीचं काहीच माहीत नव्हतं. मी बळंच तिच्या हातात ताट दिलं. तिनं भातात डाळ कालवली, एक घास घेतला आणि तशीच थांबली. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "अम्मीनं ही डाळ कधी करून ठेवलती?"

 मी दाराकडे बोट केलं. बाहेर अंगणात मुळेकाका हातात पळी घेऊन ओळीनं सगळ्यांना वाढत होते, आणि घ्या, आणि घ्या म्हणत होते.