शाळेच्या शर्टाचा कागद

धायरीत जुन्या सुती कपड्यांपासून हातकागद करणारे एक गृहस्थ आहेत. मी वह्या बांधते, त्यामुळे त्यांच्याकडे माझं नेहमी जाणं होतं. त्यांचं बोलणं तुटक. कापड हातात आलं की आधी त्यातला एक धागा काढून काडीने जाळतात, राख बोटांत चोळतात आणि मगच आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. "अहो, बसा" असं त्यांनी कोणाला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी तिथे असताना एक बाई आल्या. त्यांनी पिशवीतून मुलाचा शाळेचा निळा शर्ट काढला. मुलगा गेला होता. त्या शर्टाच्या कागदाची एक वही त्यांना हवी होती.

गृहस्थांनी धागा जाळला. तो वितळला आणि त्याची काळी गोळी झाली.

"यात सूत नाही. याचा कागद होणार नाही."

बाईंनी शर्ट परत घ्यायला हात पुढे केला. मला त्या माणसाचा राग आला. शर्ट मात्र त्यांनी परत दिला नाही.

"पुढच्या आठवड्यात या," एवढंच म्हणाले.

पुढच्या खेपेला मी गेले, तेव्हा बाई कागद बघत होत्या. पांढऱ्या सुती लगद्याच्या प्रत्येक कागदात गृहस्थांनी शर्टाचे निळे धागे एकेक करून हाताने बसवले होते. बाईंनी एका धाग्यावरून हळूच बोट फिरवलं.

"यावर लिहवेल का हो मला?"

"लिहा," ते खाली बघत म्हणाले. "शाई फुटत नाही. मी बघितलंय."