सूज तं येतेच

हुडकेश्वर रोडवरच्या एका औषधांच्या दुकानात मी तीन वर्षं कामाला होते. काउंटरखाली ब्लडप्रेशर मोजायचं मशीन असायचं. सकाळी फिरायला निघालेले म्हातारे यायचे, खुर्चीवर बसून हात पुढे करायचे. मी पट्टा बांधायचे, आकडा सांगायचे. दिवसाला आठ-दहा जणांचं तरी मोजत असेन. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना नेमकं हेच गाळावंसं वाटतं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला भिवापूरला दिली होती. भाऊजी एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे गाडीवर ड्रायव्हर. सातवा महिना भरेपर्यंत ताईसुद्धा बायांच्या घोळक्यात बसून मिरचीचे देठ तोडायला जायची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डिसेंबरच्या शेवटी बाबा तिला घेऊन आले. तपासणीचं कार्ड ती तिकडेच विसरली होती. आई म्हणाली, संक्रांत झाली की इकडच्या दवाखान्यात नाव टाकू.

आठवा लागल्यावर आईने घरच्या घरी डोहाळजेवण केलं. हिरवा चुडा भरायला गल्लीतली बांगडीवाली आली. ताईच्या हातावरून बांगडी चढेना. साबण लावला, तेल लावलं, दोन बांगड्या फुटल्या. बाई हात तसाच धरून बसली.

"हात लय सुजले वं पोरी. डॉक्टरले दाखवलं का?"

"पोटुशीले सूज तं येतेच," आई म्हणाली. "मलेही आली होती, दोघींच्या वेळी."

बाईने पेटी पुन्हा उघडली. एक माप मोठ्या बांगड्या काढल्या आणि त्या भरून गेली.

चार-पाच दिवसांनी ताईचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला रुमाल आवळून बांधून ती दिवसभर पडून असायची. मी दुकानातून पॅरासिटामॉल आणून दिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "छातीखाली जळजळ होऊन राहिली वं. अन् डोळ्यापुढे काजवे चमकतात." आई म्हणाली, पित्त आहे. मलाही पित्तच वाटलं. मी गुलाबी औषधाची बाटली आणली आणि दोन चमचे माझ्या हाताने पाजले.

मशीन एका संध्याकाळपुरतं घरी आणायला मालक नाही म्हणाले नसते. पण ते माझ्या मनातच आलं नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढला तर काय होतं, ते मी फार्मसीच्या परीक्षेत लिहिलं होतं, त्याला मार्कही मिळाले होते. पण ब्लडप्रेशर म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं, हेच डोक्यात घट्ट बसलं होतं. ताई चोवीस वर्षांची होती.

ते गुलाबी औषध पाजलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आईचा फोन आला. "लवकर ये वं. तुझी ताई कशीतरीच करून राहिली."

मी धावत घरी गेले. ताई स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती. अंग ताठ, हातपाय झटके देत होते, तोंडातून रक्ताचा फेस येत होता. जीभ दातांखाली आली होती. शेजारची काकू मिरगी समजून तिच्या नाकाशी कांदा धरून बसली होती. आईने दोन्ही पाय दाबून धरले होते. मी ताईला कुशीवर वळवलं. तेवढंच सुचलं. बाबा वॉचमनच्या ड्युटीवर होते. शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली. वाटेत तिला आणखी एकदा झटके आले, तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईने तिच्या दंडाला पट्टा बांधला. त्यांनी सांगायच्या आतच मी आकडा वाचला. वरचा एकशे नव्वद होता.

"शेवटचं बीपी कधी तपासलं होतं?" त्यांनी विचारलं.

 मग आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे औषधाच्या दुकानातच कामाले आहे, मॅडम." तिला मला दोष द्यायचा नव्हता. दवाखान्यात ओळखीचा तेवढाच धागा तिला दिसला असावा. 

झटके थांबवायची इंजेक्शनं दिली. मग पोटावर सोनोग्राफीचं मशीन फिरवून डॉक्टर बराच वेळ पाहत राहिल्या. वार गर्भाशयापासून आतल्या आत सुटली होती. बाळाचे ठोके नव्हते. आता बाळंतपण करवूनच बाळ बाहेर काढावं लागेल, नाहीतर ताईलाही धोका आहे, असं त्यांनी सांगितलं. आई ऐकता ऐकता भिंतीला टेकून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरने नातेवाइकांना हाक मारली. बाबा आणि रात्रीच भिवापूरहून आलेले भाऊजी रक्ताच्या पिशव्यांसाठी गेले होते. आईला उठवेना. म्हणून मी आत गेले. मुलगी होती, हिरव्या कपड्यात गुंडाळलेली. केस कपाळाला चिकटलेले होते आणि हनुवटीवर ताईसारखी खळी होती. नखंसुद्धा पूर्ण आली होती. मला वाटलं होतं, हातात घ्यायला भीती वाटेल. तशी वाटली नाही.

सिस्टर म्हणाली, "संध्याकाळपर्यंत पेशंट शुद्धीवर येईल. दाखवायचं असेल तर तोवर ठेवू."

मी म्हटलं, "नको."

कोणाला विचारलं नाही. भाऊजी आल्यावर मी बाळ त्यांच्या हातात दिलं. ते आणि बाबा तिला घेऊन गेले आणि पुरून आले.

चौथ्या दिवशी ताई नीट बोलायला लागली. आईने मला बजावलं होतं, काही सांगू नको, बीपी वाढते. आई चहा आणायला खाली गेली तेव्हा ताईने विचारलं, "पोरगी होती ना?"

"हो."

"तू पाहिली?"

"पाहिली."

"कोणासारखी होती?"

"तुझ्यासारखी. खळी होती."

 जिभेची जखम भरली नव्हती, म्हणून शब्द अडखळत येत होते. "मले काहून नाई दाखवली?"

तू शुद्धीवर नव्हतीस, एवढं सांगून मोकळी झाले असते. पण तिने माझं बोट धरलं होतं. मी सांगितलं, "सिस्टरने विचारलं होतं. मीच नको म्हटलं."

तिने माझं बोट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आई चहा घेऊन आली तेव्हा तिने आईच्या हातून दोन घोट घेतले. सुट्टी होईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर दूध येऊन छाती भरली, ताप चढला. तेव्हा छातीवर ठेवायला मी आणलेल्या कोबीच्या गार पानांना तिने नाही म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही.

दोन महिन्यांनीही तिचं बीपी उतरलं नाही. गोळी कायमची लागली. पुढचं मूल हवं असेल तर आधी सगळं तपासून मगच, आणि धोका तरीही राहील, असं डॉक्टरांनी भाऊजींना समोर बसवून सांगितलं. वर्ष उलटलं तशा तिच्या सासूबाई फोनवर विचारू लागल्या. माझी आईसुद्धा एकदा म्हणाली, "एक तं व्हायला पाहिजे वं."

त्या वेळी भाऊजी समोर जेवत होते. एरवी सासुरवाडीत ते मान वर करून बोलत नाहीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी तिले एकदा तसं पाहिलं आई, त्या पलंगावर. आता आणखी नाई पाहू शकत."

मूल राहू नये म्हणून ताईने तांबी बसवून घेतली होती, ते त्या दिवशी त्यांच्याच तोंडून आम्हाला कळलं. आईने पदराने तोंड पुसलं आणि त्यांच्या ताटात पोळी वाढली.

भिवापूरला मात्र यावरून घर फुटलं. सासूबाई म्हणाल्या, माझ्या लेकाच्या गळ्यात वांझ बांधली. ताई आणि भाऊजी आता बसस्टॉपच्या मागे एका खोलीत भाड्याने राहतात. बाजारात सासूबाई दिसल्या की ताईच वाट बदलते. मला ती रोज फोन करते, भाजी काय केली ते सांगते, गोळी घेतली ते सांगते. त्या मुलीबद्दल आम्ही दोघी त्यानंतर कधी बोललो नाही.