पुन्हाजा सर

आमचे गाईड भरलेली प्रश्नावली हातात घेतली की आधी उत्तरं वाचत नसत. सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ बघत. अंतर कमी दिसलं की कागद परत. "पुन्हा जा." हिंगोलीतून क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. करणारे आम्ही चौघे होतो. त्यांचं नाव आम्ही 'पुन्हाजा सर' ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

शिरड शहापूरच्या एका बाईची प्रश्नावली मी दहा मिनिटांत भरून आणली. उदास वाटतं का, झोप लागते का, जगणं नकोसं होतं का? सगळीकडे 'नाही'.

"सासू कुठं होती?" सरांनी विचारलं.

"तिथंच. शेंगा फोडत होती."

"मंग ही सासूची उत्तरं हायेत. बाजाराच्या दिवशी पुन्हा जा."

"सर, परत दोन बसा बदलून?"

"काहून? बसला तकलीफ हाय का?"

मी गेले. सासू जवळा बाजार गावी आठवडी बाजाराला गेली होती. बाई पहिल्याच प्रश्नाला रडली आणि मरायचं किती दिवसांपासून मनात आहे, ते सांगून मोकळी झाली. मी सरांना फोन केला. त्याच दिवशी येऊन त्यांनी तिला आणि तिच्या भावाला नांदेडला डॉक्टरकडे नेलं. बाई सावरली. मला मात्र म्हणाले, "हिला आता आपण मदत केली, अभ्यासाच्या नमुन्यातून काढ. दुसरी शोध."

निवृत्तीनंतर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या आणि सर वारंगा फाट्याला मुलाकडे राहायला गेले. मी तोवर कॉलेजात शिकवू लागले होते. नांदेडहून येताना एकदा तिथं गाडी थांबवली. सर बारीक झाले होते. मुलगा समोरच बसला होता.

"झोप लागते का, सर?"

"लागते."

"जेवण?"

"बराबर."

"मन रमतं?"

"व्हय."

चहा पिऊन मी उठले. दारात त्यांनी विचारलं, "किती वाजले?" मी सांगितलं. "आन् आलीस कव्हा?" मी हसले. ते हसले नाहीत.

महिन्याभरात मुलाचा फोन आला. सर गेले होते. हृदयाच्या गोळ्या त्यांनी कधीच बंद केल्या होत्या, गादीखाली सापडल्या.

माझे प्रश्न बरोबर होते. मुलगा समोर बसला होता आणि दहाच मिनिटं झाली होती, हे दोन्ही मला दिसलं होतं. पुन्हा जायचं मी ठरवलंही होतं. परीक्षा उरकल्यावर.