बांगड्याचा डोळा

"ही बोलते, की नुसतीच उभी असते?"

प्रश्न माझ्याबद्दल होता आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं विचारलेला होता. विचारणारी बारा-तेरा वर्षांची मुलगी लाकडी खुर्चीत पट्ट्यानं बांधलेली होती. दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या, मान एका बाजूला कललेली. शब्द इतके ओढून ओढून यायचे की पहिल्या दिवशी मला तिचं निम्मंच बोलणं कळलं. नेमकं हे वाक्य पूर्ण कळलं. मी सिमेंटच्या बादलीकडे बघत राहिले.

"बघा," ती अख्ख्या खोलीला म्हणाली, "उभीच असते."

तिला सगळे मुकादम म्हणत. नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. ते गिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, आणि ते विक्रोळीच्या एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाले. रोज ड्यूटीच्या आधी तिला पाठीवर घेऊन मुलुंडला अपंग मुलांच्या शाळेत पोचवायचे. "देवान हात दिल्यान नाय, जीभ तेवढी लांब दिल्यान," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, माफी मागितल्यासारखं. पाठीवरून आवाज आला, "बाबा, पुढे बघा. मला भिंतीवर आपटाल."

शाळा म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण. त्या वर्षी परदेशातून एक बाई आल्या होत्या, मुलांना मोझेक शिकवायला, स्वखुशीनं. त्यांना मराठी येत नव्हतं आणि शाळेतल्या बाईंना त्यांचं इंग्रजी झेपत नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, कॉलेजात जाणारी, समोरच्याच इमारतीत राहणारी. आईनं मला दुभाषी म्हणून पाठवलं. "तेवढीच तुला बोलायची सवय होईल," ती म्हणाली. आमच्या घरी सगळेच हळू बोलत. हे मुकादमनं माझ्याकडून काढून घेतलं आणि म्हणाली, "का? रोज कोणी मेलेलं असतं काय?"

मोझेक म्हणजे काय हे मी पहिल्या दिवशी मुलांना समजावून सांगितलं. फुटक्या कपबशा, फरशांचे तुकडे, बांगड्यांची काच. पकडीनं कातरायचे आणि सिमेंटमध्ये बसवून चित्र करायचं. मुकादमनं ऐकून घेतलं. "हे तर गच्चीवर असतं," ती म्हणाली. "पाणी गळू नये म्हणून. हिच्या देशात भिंतीला लावतात? तिकडे भिंती गळतात काय?" बाईंनी उत्सुकतेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, तिला फार आवडलं.

मुकादमच्या ते लगेच लक्षात आलं. "मी एवढं लांबलचक बोलले आणि तू दोनच शब्द बोललीस. बाकीचे कुठे गेले? घरी नेतेस काय?"

बाई मनानं फार चांगल्या होत्या. मुलांनी काहीही केलं की त्या "ब्यूटिफुल" म्हणायच्या. वाकडं बसवलेलं ब्यूटिफुल, सांडलेलं ब्यूटिफुल. मुलं खूश व्हायची. मुकादम चिडायची. "हिला सगळंच ब्यूटिफुल. मग फोडायचं काय ते कसं कळणार?" फोडायचं काय ते ती ठरवू लागली. अंगणातल्या भिंतीवर फुलपाखरू करायचं असं बाईंनी ठरवलं होतं. मुकादमनं ते मोडून काढलं. "फुलपाखरू बघितलंय कोणी इथे? बांगडा कर." आणि खरंच बांगडा झाला, दरवाजाएवढा.

तिला स्वतःला एकही तुकडा उचलता येत नव्हता. तिचे हात म्हणजे शोभा. शोभा तिच्याच वयाची, ऐकू न येणारी, नखाएवढे तुकडे सुबक कातरणारी. मुकादम हनुवटीनं दाखवायची: वर, खाली, तो नको, त्याच्या बाजूचा. शोभा हनुवटी वाचायची आणि तुकडा बसवायची. मुकादमनं तिला कधी नावानं हाक मारली नाही. "माझे हात कुठे गेले?" असंच विचारायची. मला म्हणायची, "हे माझे हात आणि तू माझं तोंड. हात चालतात. तोंड बंद."

निर्दय होती ती. एका मुलाला रंगीत तुकडे देऊ नका म्हणाली, "ह्याला रंगातलं काही कळत नाही, ह्याला सिमेंट कालवू दे." तो हुंदके देऊन रडला. ती म्हणाली, "रडून झालं की पाणी जास्त घालू नको." सोसायटीतल्या एक काकू दारात उभ्या राहून च्च च्च करू लागल्या तेव्हा मला म्हणाली, "त्यांना सांग, हळहळायचं तर बाहेर. इथे सिमेंट सुकतंय." काकूंना मराठी येत होतं, त्यामुळे मला काही करावं लागलं नाही.

एकदा मात्र तिचं काही चाललं नाही. बांगड्याच्या पाठीचा निळा पट्टा शोभानं दिवसभर बसून लावला होता, बरणीच्या आणि बशीच्या काठाचे तुकडे जमवून. मुकादमनं बघितलं आणि हनुवटी झटकली: काढ. शोभानं मान हलवून नाही म्हटलं. मुकादमनं पुन्हा झटकली. तेव्हा शोभा तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. बस्स. मुकादमचं सगळं राज्य तिथे संपलं. "कान नाहीत ते नाहीत, आता डोळेपण?" एवढं कसंबसं बोलली आणि तिचा जबडा आवळला गेला. चिडली की असंच व्हायचं. शब्द घशात अडकायचे आणि मान ताठ व्हायची. शोभानं डोळे उघडले तेव्हा मुकादमच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला तिला हात नव्हते. शोभानं बाही पुढे केली. ती बाही तिनं चालवून घेतली. पट्टा मात्र दुसऱ्या दिवशी तिनं काढायला लावलाच.

तिच्या हाताला हात लावलेला तिला खपत नसे. लहानपणापासून सगळ्यांनी तिच्या मुठी उघडून पाहिल्या होत्या. डॉक्टर बोटं ताणायचे, देवळात पुजारी मुठीत प्रसाद कोंबायचे, नातेवाईक पाच रुपयांची नोट. "सगळ्यांना वाटतं मूठ उघडली की मी बरी होणार," ती म्हणाली होती. मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं होतं. कदाचित फार हळू सांगितलं असेन.

पुढच्याच वर्षी मुकादम गेली. छातीत कफ झाला आणि तो तिला खोकून काढता आला नाही. वडील शाळेत सांगायला आले तेव्हा सवयीनं वाकूनच चालत होते. शाळाही तिथून हलली. आता त्या भिंतीला स्कूटर टेकवून ठेवतात. हँडल लागून बांगड्याच्या पोटाचे पांढरे तुकडे गळालेत.

आमची शेवटची भेट बाई परदेशी परत गेल्यानंतरची. तेव्हा तिनं मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "आवाज बरा आहे तुझा. उशिरा येतो एवढंच." ते भिंतीच्या उद्घाटनाच्या दिवसाबद्दल होतं.

त्या दिवशी भिंत पूर्ण झाली होती, फक्त डोळा सोडून. डोळा मुकादमनं मुद्दाम शेवटी ठेवला होता. "डोळ्यावरून तर कळतं बांगडा ताजा की शिळा," ती म्हणायची. "डोळा चुकला तर सगळा मासा शिळा." काळ्या कपाच्या बुडाचा तुकडा शोभा कित्येक दिवस गोल करत होती आणि मुकादम पुन्हा पुन्हा हनुवटी हलवून परत पाठवत होती. शेवटी तुकडा पास झाला. पाहुण्यांसमोर शोभा तो बसवणार हे ठरलेलं होतं. शोभाच्या आईनं तिला नवीन फ्रॉक घातला होता.

पाहुणे आले, हार झाले, फोटोवाला आला. बाईंचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, ही भिंत जिची आहे तिनंच शेवटचा तुकडा लावायचा. त्यांनी शोभाच्या हातातून तुकडा अलगद काढून घेतला, मुकादमच्या खुर्चीपाशी गुडघे टेकले आणि तिच्या मुठीचं एकेक बोट उघडू लागल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शोभा रिकाम्या हातानं उभी राहिली.

तुकडा तळव्यात ठेवताच मूठ गच्च मिटली. तिला ते मिटणं थांबवता येत नसे. तुकड्याची खालची कड कातरलेली, धारदार होती. रक्त मनगटावर आलं तेव्हा बाईंना वाटलं लाल रंग लागलाय. त्या तिचा हात आपल्या हातात धरून भिंतीकडे नेऊ लागल्या. फोटोवाला म्हणाला, "हसा, बेबी, हसा." वडील मागे टोपी हातात घेऊन उभे होते, एवढ्या मोठ्या लोकांत पुढे यायचं की नाही ते त्यांना कळत नव्हतं.

मुकादमचा जबडा आवळला गेला होता. मान ताठ झाली होती. तिनं डोळे फिरवून मला शोधलं आणि हनुवटी माझ्याकडे केली, शोभाला करायची तशी. एकदा. मी इकडेतिकडे पाहिलं. मग दुसऱ्यांदा केली.

मी आधी इंग्रजीत म्हणाले. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, माझ्या घरी कोणी कधी बोललं नसेल एवढ्या मोठ्यानं:

"तिचा हात सोडा. डोळा शोभा लावणार आहे."