झरनेवाले नूरभाई

फोटो काढण्याआधी नूरभाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. "राती काय दिसलं?" समोर स्टुलावर बसलेला माणूस आधी गोंधळायचा. आपण आलो पासपोर्ट फोटो काढायला आणि हा बाबा स्वप्नं काय विचारतोय! पण मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू वर यायचं, मान जराशी कलायची, आवळलेले ओठ सुटायचे, आणि नेमकं तेव्हा नूरभाई बटण दाबायचे. त्या काळातले आमच्या पांढरकवड्याचे पासपोर्ट फोटो पाहा कधी. सगळा तालुका नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसतो.

माझं टायपिंग इन्स्टिट्यूट आणि त्यांचा स्टुडिओ यांच्यात एकच भिंत होती. इकडे माझ्या पोरींची खडखड चालायची, तिकडे नूरभाई कुणाचं तरी स्वप्न ऐकत बसलेले असायचे. त्यांच्या स्टुडिओत मागे एक मोठा पडदा होता, आणि त्यावर रंगवलेला झरना. हिरवेगार डोंगर, मधून कोसळणारं निळं पाणी, खाली दोन हंस आणि भरदिवसा उगवलेला चंद्र. आमच्याकडे मे महिन्यात हापशी नुसती कोरडी कुंथते, पण नूरभाईंच्या झरन्याला बारा महिने पाणी! लग्न ठरलेल्या पोरी, नवी जोडपी, बारशाची बाळं, सगळी त्या पाण्यापुढे बसून गेलेली. म्हणून लोक त्यांना झरनेवाले म्हणायचे, आणि त्यांनाही ते आवडायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी, यास्मिन, त्या झरन्यापुढेच लहानाची मोठी झाली. आई लवकर गेलेली, त्यामुळे शाळा सुटली की ती सरळ स्टुडिओत यायची आणि पडद्याच्या पायथ्याशी चटई टाकून झोपायची. पुढे तिने हैदराबादच्या एका मुलाशी आपल्या मनाने लग्न केलं. नूरभाईंच्या थोरल्या भावाला ते पसंत नव्हतं, आणि थोरल्या भावापुढे बोलायची नूरभाईंची प्राज्ञा नव्हती. ते निकाहाला गेले नाहीत. तिचे फोन घेतले नाहीत. मग फोन यायचे थांबले आणि तिचा नंबरही बदलला. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, तेही लेन्स पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. "तोंड मी फिरवलं ताई. पोरीनं नाही."

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला, बोंडं किडलेली, आणि हायवेवर रोज कुठली ना कुठली जीप येऊन थांबलेली. पुण्या-मुंबईचे पत्रकार उतरायचे, गावांची नावं विचारायचे, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे विचारायचे. त्यांतले काही बॅटरी चार्ज करायला नूरभाईंकडे यायचे. नूरभाई त्यांना चहा पाजायचे, मारेगावचा रस्ता समजावून सांगायचे, आणि जीप गेली की चिडायचे. "मेलेल्याची गिनती सारे करून राह्यले. जित्या माणसाले राती काय दिसते, हे काहून नाही विचारत कोणी?" ते स्वतः तर आधीपासूनच विचारत होते, आता ते लिहून ठेवायचं त्यांनी ठरवलं. एका पत्रकार पोराने त्यांना ब्लॉग उघडून दिला, मी मराठी टायपिंग शिकवलं, आणि रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की नूरभाई माझ्या कॉम्प्युटरवर येऊन दोन बोटांनी लोकांची स्वप्नं टाइप करू लागले.

काय एकेक स्वप्नं होती! एका कंडक्टरला दिसलं की त्याची एसटी कापसाच्या बोंडांनी खच्चून भरली आहे आणि तो एकेका बोंडाला तिकीट फाडून देतो आहे. बंजारा तांड्यावरच्या नायकाच्या म्हाताऱ्या बायकोला बैलांचा लांबच लांब काफिला दिसायचा, पाठीवर मिठाच्या गोण्या लादलेला, आणि जाग आली की जीभ खारट लागायची. कापसाच्या जिनिंग मिलमधल्या एका पोराला सगळ्या पांढरकवड्यावर बर्फ पडताना दिसला. त्याने बर्फ कधी पाहिला नव्हता, तरी तो गार लागला म्हणाला. नूरभाई हे सगळं ज्याच्या त्याच्या बोलीत लिहायचे. नाव कुणाचं द्यायचे नाहीत. वाचता वाचता मला माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये गुंगी यायची, पंखा फिरतोय की थांबलाय तेही कळायचं नाही.

पण तो ब्लॉग दिसायला! अगं बाई गं. मागे तोच झरना, फोटो काढून पानभर पसरवलेला. त्यावर पिवळी अक्षरं, ती अर्धी पाण्यात बुडालेली. वरून गुलाबाच्या पाकळ्या गळायच्या, कडेने तारे लुकलुकायचे, आणि पान उघडलं की बासरी वाजायला लागायची. ती वाजली की माझ्या पोरींचा टायपिंगचा ठेका चुकलाच म्हणून समजा. सगळ्यात वर फ्लेक्सवर असतात तसे शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो होते. पानठेलेवाला, दवाखान्यातले कंपाउंडर, कापूस खरेदीवाले दोन शेठ. एवढं जड पान आमच्या इंटरनेटवर उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा.

एकदा पुण्याहून आलेल्या एका पत्रकार मुलीने तो पाहिला. मजकूर सोन्यासारखा आहे म्हणाली, पण हा ब्लॉग लग्नाच्या हॉलसारखा दिसतो, असा संपादकांना दाखवला तर ते दोन ओळीही वाचणार नाहीत, जरा प्रोफेशनल करून घ्या. ती गेल्यावर नूरभाई माझ्याकडे आले ते चेहरा पाडूनच. प्रोफेशनल म्हणजे नेमकं काय असतं, विचारायला लागले. मी कुठे डिझायनर लागून गेले होते? मी टायपिंग शिकवणारी बाई. पण टायपिंगच्या परीक्षेला मार्क कशाचे जातात ते मला पाठ होतं. समास सोडा, दोन ओळींत हवा ठेवा, एकच टाइप वापरा, अधोरेखा ऊठसूट मारू नका. ब्लॉगला वेगळं काय लागणार? मी त्यांना म्हटलं, नूरभाई, आधी काढू या. लावायचं काय ते मग बघू.

नूरभाई फोटोवाले, त्यात लग्नाचे अल्बम करणारे. नवरीच्या चेहऱ्याभोवती चंद्र नि बदाम घातल्याशिवाय त्यांचा हात थांबायचा नाही. मोकळी जागा दिसली की त्यांना कसंतरीच व्हायचं. "आपल्यावर भरोसा ठेवून माणूस सपन सांगते ताई, अन् त्याले तुमी असं उघड्या पानावर बसवता? पाहुण्याले कोणी खाली जमिनीवर बसवते का?" मी म्हटलं, पाहुण्याला चटई द्या, पण त्याच्या अंगावर पाकळ्या, तारे आणि बासरी सोडू नका, तो बिचारा गुदमरून जाईल. ते हसले. बासरी गेली. मग पाकळ्या गेल्या, तारे गेले. शुभेच्छुक काढले तेव्हा पानठेलेवाला रुसला आणि नूरभाईंच्या पानात गुलकंद टाकेनासा झाला. तेही त्यांनी सोसलं. पिवळी अक्षरं काळी झाली, दर स्वप्नाला स्वच्छ मथळा मिळाला, आणि "माझ्याबद्दल" म्हणून एक छोटी चौकट आली. तिच्यासाठी त्यांचा फोटो मी काढला. राती काय दिसलं, असं मी विचारलं तर लाजून खाली पाहायला लागले.

उरला झरना. तो असेपर्यंत काळी अक्षरंही दिसणार नव्हती. पण झरन्याचं नाव काढलं की नूरभाई उठून चालू लागायचे. शेवटी एका दुपारी त्यांनी मला पानाच्या तळाशी असलेली एक बारकी चौकट दाखवली. ब्लॉग कोण कुठून पाहतं, त्या गावाचं नाव तिथे उमटायचं. यवतमाळ, नागपूर, पुणे, आणि मधूनच, बहुतेक शुक्रवारी, हैदराबाद. मी म्हटलं, हैदराबादेत काय एकच माणूस राहतो? शिवाय ही यंत्रं गाव काहीही दाखवतात. नूरभाईंनी मान हलवली. "आपल्या या बोलीतलं वाचणारं तिथं दुसरं कोण हाय? ती येऊन पाहून जाते ताई. बोलत नाही, पण येते. उद्या झरना नसला, तर हे बापाचं घर हाय, हे तिले कसं समजन?" माझ्या परीक्षेच्या नियमांत याचं उत्तर नव्हतं.

तरी पुण्याच्या मुलीचा पुन्हा फोन आला. संपादक पाहायला तयार आहेत, झालं का काम, म्हणून. नूरभाई दोन दिवस घुटमळले आणि मग म्हणाले, घंटाभर काढून पाहू, कसं दिसते ते पाहू, अन् लगेच परत लावू. तो शुक्रवार होता, पण नमाजाला वेळ होता आणि हैदराबाद यायचं ते दुपारनंतर. मी झरना काढला. पान पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यावर म्हातारीचे बैल, कंडक्टरची बोंडं, तो बर्फ, सगळं इतकं स्वच्छ उमटलं की आम्ही दोघंही ते वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचत गेलो. "सारं आयकू येऊन राह्यलं," नूरभाई हळूच म्हणाले. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर धडाम् आवाज झाला आणि लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला होता.

लोडशेडिंगचं वेळापत्रक असतं, ट्रान्सफॉर्मरचं नसतं. इन्व्हर्टर आधीच झोपलेला. नूरभाई नमाजाला गेले, परत आले, आणि माझ्या पायरीवर बसून राहिले. तारेवर चढलेल्या लाइनमनला त्यांनी खालून चहा दिला, पाणी दिलं, दोनदा हात जोडले. ऊन भिंतीवरून उतरत गेलं. आता ती आली असन, म्हणायचे, पाहून वापस गेली असन. मी चिडून म्हटलं, एक दिवस झरना दिसला नाही म्हणून कुणी बापाला विसरत नाही. बोलले खरी, पण लाइनमनचं काम कुठवर आलं ते बघायला मीच दहादा दारात गेले.

संध्याकाळी लाइट आली. पान उघडलं. तळाच्या चौकटीत हैदराबाद होतं, आणि बर्फाच्या स्वप्नाखाली, जिथे आजवर कुणी शब्द लिहिला नव्हता, तिथे इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. "अब्बू, झरना कहाँ गया? आप ठीक तो हो ना?"

नूरभाईंनी ती ओळ बोटाने अक्षर अक्षर चाचपत वाचली. काच पुसली, पुन्हा वाचली. त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. मी झरना परत लावायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला. नको म्हणाले. मग स्वतः दोन बोटांनी उत्तर लिहिलं. "अब क्या बताऊँ बेटा. आ के देख ले." मी तर तापलेच. धडधाकट माणूस, पोरीला काळजीत टाकता, लाज नाही वाटत? नूरभाई डोळे पुसत म्हणाले, "खोटं कुठं लिहिलं मी? झरना लावला तर तिले वाटन बाप मजेत हाय. मंग ती कायले येते?"

म्हणून तो ब्लॉग पांढरा राहिला. संपादकांनी त्यातली स्वप्नं छापली आणि मांडणीचंही कौतुक केलं. किती संयत, किती प्रोफेशनल, असं लिहिलं होतं. नूरभाई गेल्याला आता बरीच वर्षं झाली, तरी अजून कुणी ना कुणी मला विचारतं की ताई, तुमच्याकडे डिझायनर कोण होता? मी हसून वेळ मारून नेते.

नूरभाईंनी ते उत्तर लिहिलं, त्याच्या पुढच्याच आठवड्यात आदिलाबादच्या गाडीतून यास्मिन उतरली. कडेवर पोर, चेहरा धुळीने नि धास्तीने माखलेला. स्टुडिओत पाऊल टाकायची तिची हिंमत होईना, म्हणून आधी माझ्या दारात आली आणि अब्बू कुठल्या दवाखान्यात आहेत, विचारलं. मी भिंतीपलीकडे बोट केलं. आत नूरभाई एका गिऱ्हाइकाचा फोटो काढत होते, ताठ उभे, तोंडात पान.

"आप तो अच्छे-भले हो!" ती दारातूनच संतापून म्हणाली.

नूरभाईंनी कॅमेरा हळूच स्टुलावर ठेवला. "हाँ बेटा," ते म्हणाले, "पर तू आ गई ना."